भूकंपमापकाच्या खोलीतला कूलर

“खोलीला कुलूप आहे. आत काही नाही,” प्रफुल्ल म्हणाला. त्याचा कॅमेरा बंद होता. स्क्रीनवर एका गोल चकतीत त्याच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं तेवढी दिसत होती.

“मग ही रेघ कशाची?” इंग्रिडने विचारलं.

“मला माहीत नाही.”

इंग्रिड जर्मनीतून बोलत होती, प्रफुल्ल इंगळे अकोल्यातून आणि मी अमरावतीच्या माझ्या ऑफिसातून. शिवाय बंगळुरूचा कार्तिक होता, आणि आणखी काही देशांतली मंडळी होती. ती कॉलवर हजर असायची, पण ऐकतायत की जेवायला गेलीत, हे कधी कळायचं नाही. सगळं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. मी इथे मराठीत सांगते आहे.

मी मध्ये पडले. “प्रफुल्ल खोटं बोलत नाही. तो काही नाही म्हणतो, म्हणजे काही नाही.”

“ठीक आहे,” इंग्रिड म्हणाली. तिच्या ‘ठीक आहे’मध्ये काहीही ठीक नव्हतं. कॉल संपला.

आता हे प्रकरण काय होतं ते सांगते. मी भूभौतिकी शिकवायचे, म्हणजे जमिनीच्या पोटात काय चाललंय ते वरून ओळखायचं शास्त्र. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका मोठ्या प्रकल्पाची विदर्भातली जबाबदारी माझ्याकडे आली. जिथे मोठा भूकंप होईल असं कुणाला वाटत नाही, पण बारीक धक्के मात्र बसत राहतात, अशा जागी संवेदनशील भूकंपमापक बसवायचे आणि सगळ्यांची माहिती एकत्र करून बघायची, असा तो प्रकल्प. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला असे धक्के बसतात. फळीवरची भांडी वाजतात, माणसं घराबाहेर येतात, दोन दिवस त्याचीच चर्चा होते, मग विसरतात. धक्का नेमका कुठून आला हे एका यंत्रावरून सांगता येत नाही. अनेक यंत्रं लागतात, म्हणून अनेक माणसं लागतात.

ही माणसं एकमेकांना कधीही भेटलेली नव्हती. याला व्हर्च्युअल टीम म्हणतात. ज्याचा चेहरा फार तर पासपोर्ट फोटोएवढा पाहिला आहे, त्याने पाठवलेल्या आकड्यांवर आपलं संशोधन उभं करायचं. आपल्या ऑफिसातल्या माणसाचा संशय आला तर चहाला बसवून विचारता येतं. इथे ती सोय नाही.

आमचं स्टेशन अकोल्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला असलेल्या एका गावात होतं. खाली काळ्या मातीत यंत्र बसवून उपयोग नाही. उन्हाळ्यात त्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर खडक लागतो. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने मागची एक टिनाची खोली दिली. जमिनीत खड्डा घेऊन खडकावर यंत्र बसवलं. खड्ड्यातलं यंत्र थंड राहतं. पण त्याची माहिती साठवणारा आणि पाठवणारा डबा वर, टेबलावर असतो. त्याला डिजिटायझर म्हणतात. आमच्या या गोष्टीतला नाजूक प्रकृतीचा पाहुणा तोच.

आणि ती रेघ? यंत्राला जे जाणवतं त्याचं एक रंगीत चित्र काढतात. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर कंपनाचा वेग. ट्रक गेला तर रंगाचा एक फटकारा उमटतो. धक्का बसला तर खांब उभा राहतो. मोटर चालू असली तर मात्र सरळ आडवी रेघ येते, कारण मोटर एकाच वेगाने फिरत असते. आमच्या स्टेशनच्या चित्रात एप्रिलपासून अशी ठसठशीत रेघ येत होती. सकाळी ऊन तापलं की सुरू, संध्याकाळी बंद. मध्ये मध्ये तुटलेली. कार्तिकने शोधून काढलं की गावातली वीज जाते तेव्हाच ती तुटते.

म्हणजे खोलीत विजेवर चालणारी मोटर होती, यात शंका नव्हती. कार्तिकने सगळ्यांना मेल टाकली. प्रकल्पाच्या मीटरवर ‘अनऑथराइज्ड लोड’, म्हणजे परवानगीशिवाय जोडलेलं काहीतरी, असावा, कदाचित कुणी पिठाची चक्की किंवा पाण्याचा पंप जोडला असावा, असं त्याने लिहिलं. जूनच्या आढाव्यात हे स्टेशन नेटवर्कमधून काढावं, असंही सुचवलं. स्टेशन निघालं की आमचा भाग त्या नकाशावर कोरा राहणार होता. आणि प्रफुल्लचं कंत्राट त्या स्टेशनशी बांधलेलं होतं. स्टेशन गेलं की तोही गेला.

तसं इंग्रिड-कार्तिकचं आणि प्रफुल्लचं आधीपासून सूत जुळलेलं नव्हतं. तो अकोल्यातच इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, आधी हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायचा. कामाला वाघ. पण बोलणं आमच्याकडचं. एखादी गोष्ट होणार नसेल तर तो सरळ ‘नो, नॉट पॉसिबल’ म्हणायचा आणि गप्प बसायचा. त्यांना ते उद्धट वाटायचं. त्यांच्याकडे ‘आम्ही बघतो’ म्हणायची पद्धत, आणि त्याचा अर्थ ‘होणार नाही’ असा. प्रफुल्ल मात्र ‘आम्ही बघतो’ ऐकून खरोखर वाट बघत बसायचा. दोन्हीकडचे लोक प्रामाणिक होते आणि दोन्हीकडे एकमेकांबद्दल खात्री होती की समोरचा आपल्याला फिरवतोय.

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेले. खोली स्वतः बघायची आणि फोटो पाठवून कार्तिकचं तोंड बंद करायचं, असा माझा बेत होता. आधी प्रफुल्लच्या घरी उतरले. तो खाली गाडी पुसत होता. दार त्याच्या बायकोने, अर्चनाने उघडलं.

“जय भीम मॅडम. या, बसा. इकडं बसा, पंख्याखाली.”

मे महिन्यातलं अकोला. पंखा फिरत होता म्हणजे गरम हवा एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेत होता. दोन्ही लेकरं ओले टॉवेल अंगावर घेऊन फरशीवर पडली होती. मी पाणी प्यायले आणि सहज खिडकीकडे पाहिलं. बाहेर लोखंडी स्टँड होता. कूलरचा. वर कूलर नव्हता.

“कूलर दुरुस्तीला दिला का?” मी विचारलं.

“दुरुस्तीले नाई,” अर्चना म्हणाली. “नोकरीले लावला.”

“म्हणजे?”

“त्यायले इचारा न. मशीनले गरम होते म्हणे. आता आमी काई मशीन नाई, त आमाले होत नसन! माह्या बाबानं लग्नात देल्ला कूलर हाये तो. लेकरं घामानं चिप्प, अन् मशीन हवा खाऊन राहिली.”

प्रफुल्ल दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

“चला मॅडम,” तो म्हणाला. “दाखवतो.”

  गाडीत बसले तेव्हा मला राग आला होता, आणि राग नेमका कशाचा, ते धड कळत नव्हतं. मी सगळ्यांसमोर त्याच्याबद्दल शब्द दिला होता.

खोली उघडली. टेबलावर डिजिटायझर, आणि त्याच्यासमोर खिडकीत, विटांच्या थरावर, हिरवट रंगाचा तो कूलर. आमच्याकडे घरोघरी असतो तसा, पत्र्याचा, गवताच्या जाळ्यांचा. पायांखाली जुन्या टायरचे तुकडे लावलेले. बाजूला टायमर. शेजारच्या घरातल्या मावशी रोज टाकीत पाणी भरत होत्या. व्यवस्था इतकी चोख होती की माणूस ठेवला असता तर त्याचीही तब्येत सुधारली असती.

“मार्चमदी डबा दोनदा बंद पडला,” प्रफुल्ल सांगू लागला. “टिनाखाली भट्टी होते इथं. मी कॉलवर आधीच इचारलं होतं न मॅडम, उन्हाळ्यात डब्याले काय करायचं म्हणून. त्या इंग्रिडबाई म्हणे, आपण हे ऑफलाइन बोलू, म्हणजे नंतर, कॉलच्या बाहेर. मी वाट पाह्यली. कोनी बोललंच नाई. मंग म्हटलं, डबा मरून जाईन, आपनच काई करा. टायर लावले त हादरा खाली जानार नाई, असं वाटलं मले.”

“हादरा गेला.”

“गेला,” तो म्हणाला. “चुकलंच ते.”

“मग विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?”

“मेलमदी काय लिवलं होतं, वाचलं न तुमी? चोर म्हणून राह्यले सरळ. चोर म्हटल्यावर मानूस कूलर दाखवते काय? माह्या तोंडून निंघून गेलं, आत काई नाई. अन् वरतून तुमी म्हणाल्या, प्रफुल्ल खोटं बोलत नाई. मंग त जीभच उचलली नाई माही.”

टायरचा विचार चुकीचा होता, हे समजायला वेळ लागत नाही. भूकंपमापकाच्या खोलीत कूलर ठेवणं म्हणजे डॉक्टर छाती तपासत असताना शेजारी ढोल वाजवण्यासारखं आहे. पण उन्हाळ्यात ज्याची काळजी वाटते त्याच्यासमोर कूलर ठेवायचा, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अशी चूक जर्मनीत होणार नाही. बंगळुरूतही होणार नाही.

मी शाळेच्या व्हरांड्यातून आमच्या संचालकांना, राऊत सरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“कूलर आजच काढा,” ते म्हणाले. “आणि कळवा, शेजारी बोअरवेलचं काम चालू होतं, आता संपलं. रेघ जाईल. विषय संपेल.”

“सर, पण ते खरं नाही.”

“मॅडम, त्या पोराची नोकरी वाचवायची की सत्यनारायण घालायचा? एकदा त्याने लपवलं म्हटल्यावर त्याच्या एकाही आकड्यावर ते विश्वास ठेवतील का? मलाही तो हवाय म्हणून सांगतोय.”

खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात दम होता. कूलर काढला की पुरावा संपत होता. जर्मनीतून कुणी विटा मोजायला येणार नव्हतं. मी प्रफुल्लला सरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

त्याने जरा विचार केला. “बोअरवेल म्हटलं त कोनती, कुठं, हे पन सांगा लागन. मंग पुढच्या उन्हाळ्यात काय सांगू? दुसरी बोअरवेल?” मग म्हणाला, “मीच सांगतो मॅडम. माह्या तोंडानं. गेलो त गेलो. पन तुमच्या शब्दावर माती नको.”

पुढच्या कॉलला तो शाळेतूनच जोडला गेला, मोबाइलवरून. दुपार होती. मी अमरावतीत, माझ्या ऑफिसात. या वेळी त्याचा कॅमेरा चालू होता. घामाने डबडबलेला चेहरा, मागे टिन.

“मागच्या वेळी मी खोटं बोललो,” त्याने सुरुवातच अशी केली. “खोलीत मोटर आहे. ही बघा.”

त्याने फोन फिरवला. कूलर दिसला. भिंतीवरचा तापमापक दिसला. टायरचे तुकडेही त्याने जवळ जाऊन दाखवले. कार्तिक काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. 

“चालू आहे का आत्ता?” इंग्रिडचा आवाज आला.

“बंद आहे.”

“चालू कर.”

प्रफुल्लने बटण दाबलं. यंत्राची माहिती तिच्या टेबलावर लगेच पोहोचत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आली रेघ. बंद कर.” त्याने बंद केला. “गेली. पुन्हा चालू कर.” त्याने पुन्हा चालू केला. असं दोन-तीनदा झालं. सातपुड्याच्या पायथ्याशी एक माणूस बटण दाबत होता आणि जर्मनीत एका बाईला ते कळत होतं. इतक्या महिन्यांच्या कॉलमध्ये त्या दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम होतं.

“हे कुठून आणलंस?” तिने विचारलं.

“घरून.”

“मग घरी काय आहे?”

“पंखा.”

“मुलं आहेत तुला?”

“दोन.”

त्यानंतर इंग्रिडचा कॅमेरा चालू झाला. ती नेहमी तो बंदच ठेवायची. मला तिचं वय कमी वाटत होतं. पांढऱ्या केसांची, माझ्याच वयाची बाई निघाली.

“फेब्रुवारीत तू उष्णतेबद्दल विचारलं होतंस,” ती म्हणाली. “आपण ऑफलाइन बोलू, असं मी म्हणाले. मग मी विसरले. तू खोटं बोललास, ते चुकीचं आहे, आणि ते मी नोंदवणार. पण माझं विसरणं त्याच्याआधी नोंदवणार.”

 मग कार्तिकने घसा साफ केला. “ती मेल लिहिण्याआधी मी फोन करायला हवा होता. चक्कीचं मी उगाच लिहिलं. सॉरी, प्रफुल्ल.”

“मीही आधी सांगायला पाहिजे होतं,” प्रफुल्ल म्हणाला.

आणि मग एक अनोळखी, जाडसर आवाज आला. केनियातला जोसेफ. तो टीममध्ये आहे हे मला यादीवरून माहीत होतं. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. “आता विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या स्टेशनवर दुपारी जी गडबड दिसते ना, तो वारा नाही. पहारेकरी सावलीसाठी त्याच्या शेळ्या आत बांधतो. मी वारा म्हणून लिहीत होतो.”

आधी इंग्रिड हसली. मग सगळेच. मी हसताना डोळे पुसत होते, पण माझा कॅमेरा बंद होता, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

एवढ्यावर सगळं आलबेल झालं असं नाही. कूलर चालू होता त्या काळातली दिवसाची सगळी माहिती ‘वापरू नये’ अशी खूण करून बाजूला काढावी लागली. त्यातच एका दुपारी गावात धक्का जाणवला होता. तो बारीक धक्का आमच्याच यंत्राच्या चित्रात त्या रेघेखाली बुडाला. त्याची हळहळ मला अजून आहे. राऊत सरांनी प्रफुल्लला लेखी समज दिली. देताना मला म्हणाले, “बोअरवेलचं मी काही बोललोच नव्हतो, बरं का.” मी म्हटलं, “कुठली बोअरवेल, सर?”

पण आढाव्यात स्टेशन राहिलं. इंग्रिडने स्वतः सांगितलं की मला हे स्टेशन हवं आहे आणि याच माणसाकडे हवं आहे. कुणीतरी विचारलं, त्याच्या माहितीची खात्री काय? ती म्हणाली, “जे सांगून त्याचं नुकसानच होणार होतं, ते त्याने कॅमेरा लावून दाखवलं. बाकीच्या स्टेशनांबद्दल मला एवढीही खात्री नाही.” प्रफुल्लचं कंत्राट पुढे चालू राहिलं.

खोली थंड करायचं कामही सगळ्यांनी मिळून केलं. कार्तिकने उष्णता आत न घेणारी पेटी बनवून पाठवली. प्रफुल्लने टिनाला चुना मारला आणि शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून वर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाड थर घट्ट बांधून घातला. वाऱ्याने तो थर हलतो का, हे इंग्रिडने तिकडून रोज तपासलं. पऱ्हाटी म्हणजे काय, हे तिला समजावण्यात आमचा एक अख्खा कॉल गेला. कुणीही ते ऑफलाइन घ्या म्हणालं नाही.

तेव्हापासून प्रत्येक कॉलची सुरुवात एकाच प्रश्नाने व्हायला लागली. या आठवड्यात आपलं काय बिघडलं? पहिला नंबर इंग्रिडचा. तिचं काही ना काही बिघडलेलं असायचंच. मला वाटतं, कधी कधी ती मुद्दाम शोधून आणायची.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. प्रफुल्ल घरून कॉलवर होता. त्याच्या माइकमधून एकसारखी घरघर येत होती. टीममध्ये नव्याने आलेला एक जण वैतागून म्हणाला, “प्लीज, कुणीतरी म्यूट करा.”

“थांबा,” इंग्रिड म्हणाली. “प्रफुल्ल, हा तोच का?”

“तोच,” प्रफुल्ल म्हणाला.

“मग म्यूट करू नकोस. मी याला दोन महिने रोज बघितलंय. आवाज आज पहिल्यांदा ऐकते आहे.” मग तिने विचारलं, “तुझी बायको आहे का घरात? तिला बोलावशील?”

अर्चना ओढणी सारखी करत कॅमेऱ्यासमोर आली. मागे लेकरं डोकावत होती, कोरडी ठणठणीत. इंग्रिडने तिचे आभार मानले. नुसते थँक यू नाही. तुमच्या घराने त्या उन्हाळ्यात आमच्या कामासाठी जे सोसलं ते आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, आणि ते माहीत असायला हवं होतं, असं ती म्हणाली. मी ते मराठीत सांगितलं. सांगताना लक्षात आलं, ते मीही अर्चनाला कधी म्हणाले नव्हते. त्या दिवशी तिने घरात खरं सांगितलं, म्हणूनच कूलर कुणाच्या खिडकीतून गेलाय हे मला पहिल्यांदा कळलं होतं.

अर्चनाने सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाली, “त्या बाईले म्हणा, लय बरं वाटलं. पन यंदा कूलर भेटणार नाई. तेही सांगून द्या.”

मी शब्दशः सांगितलं. इंग्रिडने ते कॉलच्या निर्णयांत पहिल्या क्रमांकावर लिहून घेतलं.

मी आता निवृत्त आहे. व्हर्च्युअल टीममध्ये विश्वास कसा निर्माण करावा, यावर बोलायला मला अधूनमधून बोलावतात. चांगल्या स्लाइड्स करून जाते. पण सांगण्यासारखं एकच आहे. कुणी ‘हे आपण ऑफलाइन बोलू’ म्हणालं, तर कॉल बंद व्हायच्या आत विचारावं, कधी? नाहीतर कुणाच्या तरी घरातला कूलर जातो.